गेटवरचं नाक

"तोंड उघड. आता श्वास सोड. जोरात, लाजू नकोस. हं, ठीक. पुढची."

शनिवारची संध्याकाळ होती, साडेसात वाजले असतील. मुलींच्या वसतिगृहाच्या गेटवर तीस-पस्तीस जणी रांगेत उभ्या होत्या आणि मी एकेकीच्या तोंडाचा वास घेत होते. शेजारी खुर्चीत आमचे वॉचमन निवृत्तीकाका मांडीवर हजेरीचं रजिस्टर घेऊन बसले होते. मी ‘ठीक’ म्हटलं की ते नावापुढे बरोबरची खूण करायचे. रस्त्यापलीकडच्या रसवंतीपाशी एक मोटरसायकल थांबली आणि थोड्या वेळाने आली तशी निघून गेली. मी लक्ष दिलं नाही. आठ वाजता काकांनी गेटला कुलूप घातलं आणि विचारलं, "म्याडम, ठोंबरे आली न्हाई. काय लिहू?"

"गैरहजर लिहा," मी म्हटलं. "बघते उद्या तिच्याकडे."

आमचं कॉलेज नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातलं. नाव सांगत नाही. तिथे वाइन तयार करण्याचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम होता आणि मी, हेमलता गायखे, वय तीस, चव-परीक्षणाचं प्रॅक्टिकल घ्यायचे. ग्लासात दोन घोट वाइन घ्यायची, हुंगायची, तोंडात घोळवायची, समोरच्या भांड्यात थुंकायची आणि वहीत लिहायचं, द्राक्ष कुठलं, आंबटपणा किती, लाकडाचा वास आहे की नाही. माझं नाक फार तीक्ष्ण अशी ख्याती होती. लग्न झालेलं नव्हतं, म्हणून वसतिगृहाची सहायक रेक्टरही मीच. बिनलग्नाच्या बाईला संध्याकाळी दुसरं काय काम असणार, असा हिशेब.

प्राचार्य धारणकर सरांना माझ्या नाकाचा आणखी एक उपयोग सुचला. मुली पितात असं संस्थेच्या अध्यक्षांच्या कानावर गेलं होतं. मुलगे पितात हेही गेलं असणारच, कारण त्यांच्या हॉस्टेलमागून भंगारवाला रिकाम्या बाटल्यांची पोती भरभरून न्यायचा. पण त्याने कुणाची झोप उडाली नाही. सरांनी मला बोलावून सांगितलं, "गायखे मॅडम, तुमच्या नाकापुढे कोण टिकणार? शनिवार-रविवार तुम्हीच उभ्या राहा गेटवर." मला तेव्हाच राग यायला हवा होता. मी खूश झाले. दोन दिवस स्टाफरूममध्ये मिरवत होते.

नियम सोपा होता. वास आला की वडिलांना फोन, आणि वडिलांनी येऊन मुलीला सामानासकट घेऊन जायचं. रात्रभर गैरहजर राहिली तरी तेच. वर्षभरात दोघी गेल्या. दुसरी, मीनल, हात जोडून सांगत होती, "मॅडम, आईशप्पथ, सकाळच्या प्रॅक्टिकलचाच वास आहे हो." मी तिला सगळ्यांदेखत म्हटलं, "मला शिकवतेस? थुंकलेल्या वाइनचा वास ओठांवर राहतो, प्यायलेलीचा घशातून येतो. मला फरक कळतो." हे वाक्य सरांना इतकं आवडलं की ते पालकसभेत ऐकवायचे.

रविवारी सकाळी सातला माझ्या खोलीचं दार वाजलं. दारात कल्याणी ठोंबरे उभी होती. तिसऱ्या वर्षाची, वीस वर्षांची, माझ्या प्रॅक्टिकलची पहिल्या नंबरची मुलगी. दिंडोरीकडच्या एका गावातून आलेली. वडिलांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. अंगावर कालचाच कुर्ता होता, आणि तो उलटा घातलेला होता. शिवण बाहेर दिसत होती.

"रात्रभर कुठे होतीस?" मी सुरू झाले. "लाज वाटते का काही? आत्ताच्या आत्ता तुझ्या वडिलांना फोन लावते."

ती आत आली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"लावा, मॅडम. पण आधी मला एक सांगाल? ते टीव्हीवरच्या जाहिरातीत बहात्तर तास म्हणतात ना गोळीचे. ते कधीपासून मोजायचे?"

माझ्या हातात फोन होता. तो मी ठेवून दिला आणि दाराला आतून कडी लावली.

तुकड्यातुकड्याने कळलं ते असं. वर्गातल्या ऋतुराजचा वाढदिवस होता. त्याच्या मामाच्या मळ्यात सात-आठ जण जमले होते, दोन मुली धरून. दुपारी चारला सुरू झालं. जेवण मागवलेलं आलंच नाही. हिने सकाळपासून एकच वडापाव खाल्ला होता. बाकीच्यांबरोबर दोन ग्लास घेतले. संध्याकाळी ती दुसरी मुलगी तिच्या मावशीकडे गेली. नंतर ऋतुराजने आणखी ओतली. मग तिला खोलीतली खाट आठवत होती, पंखा आठवत होता, आणि मधलं नीटसं नाही.

"तो आवडतो तुला?"

"आवडायचा."

"त्याने विचारलं होतं?"

"मला झोप येत होती, मॅडम. मी हो म्हटलं नाही. नाही म्हणायला तोंडच उघडत नव्हतं." ती जमिनीकडे बघत होती. "माझंच चुकलं. पण मला खरंच कळलं नाही हो इतकी चढेल. प्रॅक्टिकलला आपण थुंकतो. गिळल्यावर काय होतं ते कुठे शिकवलंय?"

हे ऐकून मी तिच्यावर ओरडणार होते, पण ओरडायला काही सापडलं नाही. खरंच कुठे शिकवलं होतं? त्या जानेवारीत व्यसनमुक्ती सप्ताह साजरा झाला होता. नाशिकहून एक वक्ते आले, त्यांनी ‘स्त्री बिघडली की घर बिघडतं’ यावर दीड तास घेतला. मुलींना उभं करून शपथ दिली, ‘मी मद्याला स्पर्श करणार नाही.’ शपथ झाली की अकराला प्रॅक्टिकल होतंच. त्याच मुली, तोच हात, ग्लासाला स्पर्श. आम्ही त्यांना दोनशे वास ओळखायला शिकवलं. पण उपाशीपोटी तीन ग्लास घेतले की पंचेचाळीस किलोच्या मुलीचं काय होतं, दुसऱ्याने ओतलेला ग्लास का घेऊ नये, नको असेल तर कसं आणि केव्हा निघावं, निरोध कुणी आणायचा, हे उच्चारलं असतं तर आमचं कॉलेज बाटलं असतं.

"ऊठ," मी म्हटलं. "आधी कुर्ता सुलटा कर. मग दूध-पोळी खा. मी आलेच."

गावात रविवारी एकच मेडिकल उघडं असायचं. मालक मला ओळखत होता. माझ्या डोकेदुखीच्या गोळ्यांचं महिन्याचं पाकीट त्याच्याकडूनच यायचं. मी गोळीचं नाव सांगितलं. त्याने आधी माझ्या गळ्याकडे पाहिलं, मंगळसूत्र नाही याची पुन्हा एकदा खात्री करून घेतली, आणि म्हणाला, "मिस्टरांना पाठवा ना, मॅडम."

"मिस्टर नाहीत."

"मग डॉक्टरची चिठ्ठी लागेल."

"या गोळीला चिठ्ठी लागत नाही. पाकिटावर लिहिलंय, मी वाचून दाखवू का? मोठ्याने वाचते."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्याने घाईघाईने गोळी वर्तमानपत्रात गुंडाळली, वरून काळी पिशवी चढवली आणि सुटे पैसे माझ्या हातात न देता काउंटरवर ठेवले. मी रस्त्याला लागले तेव्हा कान तापले होते. मी तीस वर्षांची, पगार मिळवणारी बाई होते, तरी माझी ही गत. ती पोर एकटी आली असती तर त्याने काय केलं असतं, हा विचार करत मी गेटपर्यंत आले.

गोळी दिली, आणि दुपारी तिला तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाई वयस्क होत्या, कमी बोलणाऱ्या. तपासलं, रक्त घेतलं, पुढच्या तपासण्यांच्या तारखा लिहून दिल्या. मग खुर्ची ओढून कल्याणीसमोर बसल्या.

"हे बघ बाळ, शुद्धीत नसलेल्या माणसाचा होकार नसतो. तू किती प्यायलीस त्याने हे बदलत नाही. तक्रार करायची असेल तर मी येते तुझ्याबरोबर."

"बाबांना कळेल," कल्याणी म्हणाली. "मला घरी नेतील. सहा आठवड्यांवर परीक्षा आहे, मॅडम. एकदा नेलं की झालं."

डॉक्टरीणबाईंनी सगळं कागदावर लिहून, सही करून कपाटात ठेवलं. "मन बदललं तर ये," एवढंच म्हणाल्या.

सोमवारी सकाळी मी ऋतुराजला लॅबच्या मागे गाठलं. माझा हात शिवशिवत होता, खोटं कशाला सांगू. तो धुतलेला पांढरा शर्ट घालून, कपाळाला गंध लावून आला होता.

"काय केलंस रे तिचं?"

तो आधी पांढरा पडला. मग सावरला. "मॅडम, मी तिला सोडलं होतं गेटवर. शनिवारी, साडेसातला. तीच म्हणाली, परत चल. ती स्वतः परत आली, मग माझा काय दोष?"

"खोटं बोलतोस."

"रसवंतीवाल्याला विचारा. दहा मिनिटं उभे होतो तिथे."

"आणि परत नेऊन आणखी पाजलीस, ती झोपेला आलेली असताना. त्यात तुझा दोष नाही?"

त्यावर तो बुटाने माती उकरत राहिला. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण बोलताना डोक्यात ती रसवंतीपाशी थांबलेली मोटरसायकल सुरूच होती.

कल्याणी लॅबमध्ये ग्लास पुसत होती. मी दार लोटलं.

"तू शनिवारी साडेसातला गेटवर आली होतीस?"

तिचा हात थांबला. "कुणी सांगितलं?"

"आली होतीस का?"

"हो."

"मग आत का नाही आलीस? पन्नास पावलं राहिली होती! आत आली असतीस तर..." माझा आवाज चढला. "वेडी आहेस का तू?"

तिने ग्लास फडक्यावर पालथा ठेवला. माझ्या डोळ्यांकडे न बघता, जरा खाली, माझ्या नाकाकडे बघत म्हणाली,

"तुम्ही वास घेत होतात, मॅडम."

मी समोरच्या स्टुलावर बसले.

"दोन ग्लास झाले होते. चालता येत होतं तेव्हा मला, सगळं कळत होतं. वाटलं, तासाभरात वास जाईल. पण आठला गेट बंद होतं. मग तो म्हणाला, आता बाहेरच राहायचंय तर मळ्यावरच चल." तिने पुढचा ग्लास उचलला. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नव्हतं."

मला वाईट वाटेल म्हणून! त्या पोरीने कालपासून माझी काळजी घेतली होती. तेवढ्यात शिपाई आला. धारणकर सरांनी दोघींना बोलावलं होतं, आणि ठोंबरेचे वडील आले होते.

रजिस्टरवरची गैरहजेरी रविवारीच ऑफिसात पोहोचली होती आणि नियमाप्रमाणे फोनही गेला होता. केबिनमध्ये कल्याणीचे वडील खुर्चीच्या कडेवर बसले होते. नखांत काळं ऑइल, अंगात इस्त्रीचा शर्ट. मुलीला पाहून ते अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. टेबलावर एक छापील हमीपत्र होतं आणि त्याखाली वसतिगृह सोडल्याचा दाखला, तारीख घालून तयार.

"या मॅडम," सर म्हणाले. "ठोंबरे, या आमच्या गायखे मॅडम. यांचं नाक म्हणजे कॉलेजची शान आहे. यांचा शब्द आमच्याकडे शेवटचा. मॅडम, तुम्हीच सांगा. मुलगी रात्रभर बाहेर होती. परत आली तेव्हा वास येत होता की नाही?"

वडील माझ्याकडे वळले. "म्याडम, जे आसंल ते सांगा. मी तिला न्यायचं म्हणून पिकअपच घेऊन आलोय. तिचे काका म्हणत्यात, एक स्थळ हाये, उरकून टाकू."

कल्याणीच्या हाताची बोटं ओढणीत गुंतली होती. सहा आठवडे राहिले होते परीक्षेला.

"वास येत होता," मी म्हटलं.

सरांनी मान डोलावली आणि पेनचं टोपण काढलं.

"शनिवारी सकाळी त्यांचं प्रॅक्टिकल होतं, सर. माझंच. सहा नमुने होते. त्या दिवशी सगळ्या वर्गाच्या तोंडाला वास होता. आपणच शिकवतो तो."

"पण तुम्हाला तर फरक कळतो! थुंकलेल्याचा ओठांवर, प्यायलेल्याचा घशातून..."

"नाही कळत."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही कळत, सर. कुणालाच कळत नसेल. नाक आहे, यंत्र नाही. आणि ती रात्री माझ्या खोलीत होती. तिला बरं नव्हतं. काकांना सांगायचं राहिलं, चूक माझी. तसं लिहून देते."

सर माझ्याकडे बघत राहिले. मी खोटं बोलतेय हे त्यांना कळत होतं. फक्त कुठलं वाक्य खोटं, ते त्यांना ओळखता येत नव्हतं.

कल्याणीचे वडील हळूच म्हणाले, "आमचं नाक तर डिझेलनं गेलंय, साहेब. आमाला काय कळत न्हाई. म्याडम म्हणत्यात तर खरं आसंल." मग मुलीकडे वळून, "जेवलीस का गं?"

ती रडायला लागली. त्यांना वाटलं, आजारपणामुळे.

ते दोघं बाहेर गेल्यावर सरांनी दार लावून घेतलं. "गायखे मॅडम, मी लहान मूल नाही. आणि तुमच्याबद्दलही गावात काही बोललं जातंय. काल मेडिकलमध्ये..."

"खरं आहे. गोळी मीच घेतली."

 त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच ठेवला. मग मी बसले, त्यांनी सांगितलं नव्हतं तरी.

"सर, एक मुलगी शनिवारी साडेसातला गेटपर्यंत आली होती. दोन ग्लास घेतले होते तिने. रस्ता ओलांडला असता तर लिंबूपाणी पिऊन झोपली असती. पण गेटवर मी उभी होते. म्हणून ती परत गेली, जिथून आली होती तिथे. कोण ते विचारू नका. पण आपलं गेट ज्याच्यापासून मुलींना वाचवतं म्हणता, त्याच्याच दारात आपण तिला नेऊन सोडलं."

"म्हणजे पिऊन आलेल्या मुलींना आत घ्यायचं? उद्या अध्यक्षांना काय सांगू? कॉलेजने परवानगी दिली?"

"मुलांच्या हॉस्टेलचे वास घ्यायला कोण उभं राहतं, सर?"

"तो विषय वेगळा आहे."

"तोच तर विषय आहे!" मी टेबलावर हात आपटला. पेला हलला. "पाजणारा तुमच्या मुलांच्या हॉस्टेलमध्ये गंध लावून फिरतोय आणि हमीपत्र मुलीच्या बापाकडून! थोडी तरी लाज वाटू द्या. मला वाटतेय. फार वाटतेय."

मला लेखी ताकीद मिळाली. पुढे दोन वर्षं पगारवाढ अडली. गावाने ती गोळी माझ्या नावावर टाकली, आणि मी ती तशीच राहू दिली. एक चालून आलेलं स्थळही त्यात गेलं. त्याचं फारसं दुःख नाही.

पुढच्या शनिवारी मी गेटवर गेले. मुली सवयीने रांगेत उभ्या राहिल्या. पहिलीने तोंड उघडलं.

"मीट ते," मी म्हटलं. "मला सर्दी झालीय. सगळ्या आत या. कुणाला गरगरत असेल तर माझ्या खोलीत लिंबं आहेत. आणि नीट ऐका, आठ वाजून गेले तरी गेट वाजवायचं. निवृत्तीकाका उघडतील. नाही उघडलं तर मी उघडीन. आधी आत यायचं, बोलायचं ते सकाळी."

काकांनी रजिस्टरवरून माझ्याकडे पाहिलं. "सर्दी किती दिवस ऱ्हाईल म्हणायची, म्याडम?"

"मी आहे तोवर."

सोमवारच्या प्रॅक्टिकलला मी मुलांनाही समोर बसवलं आणि पहिला अर्धा तास ग्लासांना हात न लावता बोलले. पोट, वजन, ग्लास, होकार, गोळी, निरोध, सगळं, त्याच शब्दांत. मागच्या बाकावर कुणी फिसकन हसलं. ऋतुराज हसला नाही. तो पुढे पहिल्या वर्गात पास झाला, चांगल्या नोकरीला लागला, त्याच्या लग्नाची पत्रिकाही मला आली होती. डॉक्टरीणबाईंच्या कपाटातला कागद कल्याणीने कधी मागितला नाही. तो तिचा निर्णय होता, पण पत्रिका मी फाडली. कल्याणीच्या तपासण्या नीट आल्या आणि ती परीक्षेला बसली. आज ती कुठे काम करते ते सांगणार नाही. दिवाळीला तिचा फोन येतो.

या सगळ्याला अठरा वर्षं झाली. माझ्याबद्दल सांगताना जुने सहकारी अजून म्हणतात, बाईंनी त्या पोरीसाठी स्वतःच्या नाकाची बदनामी करून घेतली. मी गप्प बसते. कारण त्या दिवशी केबिनमध्ये मी दोन वाक्यं खोटी बोलले, ती माझ्या खोलीत होती आणि काकांना सांगायचं राहिलं. ‘फरक कळत नाही’ हे खरं होतं. तो मला कधीच कळला नव्हता. एकदा ऐटीत बोलून गेले, सरांनी उचललं, मग मागे घेता येईना. गेटवर उभी राहून मी वास घ्यायचे आणि ठरवायचे तोंडाकडे बघून. जी घाबरलेली दिसेल ती प्यायलेली.

मीनल फार घाबरायची. प्रॅक्टिकललासुद्धा ग्लास धरताना तिचा हात थरथरायचा. वडील तिला सामानासकट घेऊन गेले आणि त्या उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं.